भरितावरून वांग्याची परीक्षा

आमच्या भुसावळला समुद्र नाही. बाकी पुष्कळ गोष्टी आहेत. रेल्वेचे मोठे जंक्शन आहे, आसपास केळीच्या बागा आहेत, दीपनगरचे वीजकेंद्र आहे, आणि वैशाखातले ऊन तर इतके आहे की ते पेट्यांत भरून बाहेरगावी पाठवण्याची सोय असती तर सारे गाव श्रीमंत झाले असते. समुद्र मात्र नाही. तो पाहायचा तर गाडीत बसून मुंबई गाठावी लागते, नाहीतर सुरत. आमच्या तापीचे तेवढे बरे आहे. मुलताईला जन्मून ती गावाच्या उत्तरेने वाहते आणि एकंदर 724 किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्राला मिळते. म्हणजे आम्ही समुद्राला पाणी पाठवतो आणि समुद्र आम्हाला बातम्या पाठवतो. त्यांतली एक बातमी दरसाल, विशेषेकरून पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला म्हणजे, हटकून येते. अमुक किनाऱ्यावर एका विचित्र प्राण्याचे धूड वाहून आले, आणि ते पाहायला गर्दी लोटली.

ही बातमी आली की आमच्या आळीतल्या ओट्यांना भरती येते. संध्याकाळी पाणी मारून गार केलेल्या ओट्यावर मंडळी बसतात, आणि एका मोबाइलवरचे चित्र दहा हातांतून फिरते. ज्या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात सुकटबोंबलापलीकडे समुद्राचा जीव पाहिलेला नाही, तेही चष्मा कपाळावर चढवून चित्राकडे रोखून पाहतात आणि निर्णय देतात. कुणी म्हणतो, हा डायनासोर आहे, बर्फाखाली गाडलेला होता तो आता वर आला. कुणी म्हणतो, ही प्रलयाची खूण आहे. कुणाला त्यात परदेशी राष्ट्राचा हात दिसतो. सर्वांत शेवटी बोलणारा सांगतो की सरकारला सगळे ठाऊक आहे, पण ते सांगणार नाहीत. या शेवटच्या मतावर मात्र सर्वांचे एकमत होते.

परवा अशाच एका बैठकीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक शेजारी काका मला म्हणाले, "सर, तुम्ही कॉलेजात आहात. हे काय आहे ते तुम्ही सांगा."

"अहो काका, मी मराठी शिकवतो."

"म्हणून तर तुम्हाला विचारतो. शास्त्राचे लोक म्हणतात, नमुना तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. तुम्ही मराठीवाले लगेच सांगता."

काकांचा टोला विनोदाने मारलेला होता, पण तो योग्य जागी बसला. नमुना न तपासता सांगणे ही काही केवळ मराठीवाल्यांची मिरास नव्हे. ती सगळ्यांचीच आवडती करमणूक आहे. आणि करमणूक म्हणून तिला माझी हरकतही नाही. परंतु समुद्राने टाकलेल्या या धुडांची खरी हकीकत वाचू लागलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की या करमणुकीत आपण एक मोठी मौज तर गमावतोच, शिवाय कधीकधी त्याहून पुष्कळ काही गमावतो. म्हणून या दिवाळीत वाचकांपुढे हा विषय मांडतो. फराळाच्या ताटाशेजारी मेलेल्या जनावराची गोष्ट आणल्याबद्दल घरातल्या मंडळींनी क्षमा करावी.

प्रथम आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. 28 जानेवारी 2016 च्या रात्री मुंबईत जुहूच्या किनाऱ्यावर एक प्रचंड मृतदेह येऊन लागला. लांबी तीसपस्तीस फूट. सकाळपर्यंत सारी मुंबई लोटली. भेळ खाणारे, धावायला आलेले, पाठीमागे देवमासा येईल अशा बेताने उभे राहून स्वतःचे छायाचित्र काढणारे, सगळे जमले. पण येथे गूढ फार वेळ टिकले नाही. देह बऱ्यापैकी शाबूत होता, आणि जाणकारांनी तो ब्रायडीज व्हेल या जातीचा देवमासा असल्याचे सांगितले. हे त्यांनी अंतर्ज्ञानाने सांगितले नाही. या जातीच्या डोक्यावर नाकपुड्यांपासून पुढे तीन उभ्या कडा असतात. तिच्या इतर भाऊबंदांच्या डोक्यावर साधारणतः एकच असते. जिथे एकाऐवजी तीन रेघा मोजता येतात, तिथे ओट्यावरच्या दहा मतांची गरज उरत नाही. पुढे ते धूड किनाऱ्यावरच वाळूत पुरण्यात आले.

या नावाचीही एक गंमत आहे. योहान ब्रायड हा नॉर्वेचा गृहस्थ. त्याने दक्षिण आफ्रिकेत दरबान येथे देवमासे मारण्याचा कारखाना काढण्यात पुढाकार घेतला होता. ज्याने मारायचा धंदा मांडला, त्याचेच नाव त्या बिचाऱ्या जनावराला कायमचे चिकटले. आपण मराठी माणसांनी मात्र सगळ्यांनाच मिळून देवमासा म्हटले. तो मासा नाही, पिलांना दूध पाजणारा आणि हवेत येऊन श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे, हे शाळेतला मुलगाही आज सांगतो. तरी त्या शब्दातला पहिला भाग मला आवडतो. एवढ्या थोरल्या जीवाला पाहून आमच्या कोळी पूर्वजांना आधी देव आठवला, राक्षस आठवला नाही.

राक्षस कधी आठवतो? देह शाबूत नसतो तेव्हा. याचे मर्म समजायला आम्हा खानदेशी माणसांना दूर जावे लागत नाही. आमच्याकडे बामणोदची वांगी प्रसिद्ध आहेत. हिरवट, पांढुरकी, हातभर वाटावीत अशी मोठी. ती भाजायची, साल काढायची, देठ तेवढा धरायला ठेवायचा आणि बडगीत घालून कुटायची. आता समजा, ज्याने वांगे कधीच पाहिलेले नाही अशा परदेशी पाहुण्यापुढे आपण हे भरीत ठेवले आणि म्हटले, यावरून मूळ फळाचे चित्र काढून दाखवा. तो काय काढील? बियांवरून काही काढील, देठावरून काही काढील, आणि जे ठाऊक नाही ते आपल्या देशातल्या एखाद्या फळावरून भरून काढील. त्याचे चित्र सुंदर निघेल, फक्त ते वांग्याचे नसेल. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण शीत शीतच राहिलेले असते. भरितावरून वांग्याची परीक्षा होत नाही.

समुद्र हा असाच भरीत करणारा आहे, आणि त्याची कृती ठरलेली आहे. 1808 सालच्या सप्टेंबरात स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांपैकी स्ट्रॉन्से नावाच्या बेटावर एक देह लागला. तो पाहणाऱ्यांनी मोजला. लांबी भरली 55 फूट. लहानसे डोके, लांबलचक मान, पाठीवर घोड्यासारखी आयाळ, आणि पाय सहा! ज्यांनी पाहिले त्यांनी अधिकाऱ्यांपुढे शपथेवर जबान्या दिल्या. एडिंबरोतल्या एका विद्वत्सभेत त्याला नवा प्राणी म्हणून हॅल्सिड्रस असे भारदस्त नावही मिळाले. इकडे लंडनमध्ये एव्हरार्ड होम नावाच्या शल्यवैद्याने त्या देहाचे मणके तपासले आणि शांतपणे सांगितले की हा बास्किंग शार्क आहे. म्हणजे समुद्रातले बारीक जीव गाळून खाणारी एक अजस्र, निरुपद्रवी मुशी.

मग मान कुठून आली आणि सहा पाय कुठून आले? येथेच समुद्राची पाकक्रिया कळते. या माशाचा जबडा आणि कल्ले फार मोठे, पण शरीराला ते सैलसे जोडलेले असतात. देह कुजू लागला की पहिल्यांदा तेच गळून पडतात. मागे राहते ती छोटी कवटी आणि तिच्यामागे कण्याचा लांब दांडा. झाली मान! शेपटीचा कणा वरच्या पात्यात गेलेला असतो, खालचे पाते गळते, की शेपूट सापासारखी निमुळती होते. पाठीवरचा पर कुजून त्याचे तंतू सुटे होतात, ती झाली आयाळ. पोटाकडचे पर म्हणजे चार पाय, आणि नर असेल तर त्याच्या मागच्या परांना जोडून असणारी दोन अवयवे म्हणजे आणखी दोन. एकूण सहा. साक्षीदारांपैकी कुणी खोटे बोलले असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांनी पाहिले तेच सांगितले. एवढा लांब बास्किंग शार्क मात्र कुणी मोजलेला नाही, म्हणून त्या 55 फुटांबद्दल आजही वाद घालणारे आहेत. पण मणका काही शपथेवर बोलत नाही, आणि तरी त्याची साक्ष फिरवता येत नाही.

याच माशाने पुढे जपानलाही चकवले. 25 एप्रिल 1977 रोजी न्यूझीलंडजवळ मासेमारी करणाऱ्या झुइयो मारू या जपानी जहाजाच्या जाळ्यात कुजलेले एक धूड आले. सुमारे 10 मीटर लांब, वजन 1800 किलोच्या आसपास. पुन्हा तीच लांब मान, तेच लहान डोके. कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेला प्लेसिओसॉर अजून जिवंत आहे, अशी आवई उठली आणि जपानभर खळबळ उडाली. जहाजाच्या कप्तानाने काय केले असेल? त्याच्या पोटात चांगले मासे भरलेले होते, म्हणजे जहाजाच्या पोटात. दुर्गंधीने माल बिघडेल म्हणून त्याने ते धूड परत समुद्रात टाकून दिले. एखादा म्हणेल, केवढा हा अरसिकपणा! मला तर तो घरात बायकोला जाब द्यावा लागणारा सज्जन संसारी माणूस वाटतो. परंतु त्याआधी जहाजावरच्या एका जाणत्या माणसाने छायाचित्रे घेतली, मापे टिपली आणि पराचे थोडे तंतू काढून ठेवले. त्या तंतूंची तपासणी झाली, तेव्हा ते बास्किंग शार्कच्या तंतूंशी जुळले. गवगवा छायाचित्राने केला, निवाडा चिमूटभर तंतूंनी केला.

दुसरी कृती देवमाशाची. तीही आमच्या भागात समजायला सोपी आहे. केळीचा घड कापला की खांब शेताच्या कडेला पडून राहतो. पाऊसपाण्यात त्याचा गर कुजून जातो आणि शेवटी पांढुरक्या धाग्यांचा एक लोळागोळा उरतो. केळ कधी न पाहिलेल्या माणसाला तो कुण्या म्हाताऱ्या राक्षसिणीच्या केसांचा गुंताडा वाटला, तर त्याला हसू नये. देवमाशाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, आणि त्या थराला धरून ठेवणारे चिवट तंतूंचे जाळे असते. देह कुजला की हाडे निसटून तळाला जातात, तेल झिरपून जाते आणि ते तंतुमय जाळे तेवढे तरंगत किनाऱ्याला लागते. त्याला डोके नाही, डोळे नाहीत, हाडे नाहीत. आहेत ते पांढरे केसाळ ढीग. 1960 मध्ये टास्मानियात असा एक गोळा सापडला, आणि 1962 मध्ये आयव्हन सँडरसन या लेखकाने असल्या गोळ्यांसाठी इंग्रजीत ग्लॉब्स्टर असा एक नवा शब्दच पाडला. नाव पडले की वस्तू असल्यासारखी वाटू लागते, ही भाषेची जुनी खोड आहे.

अशा गोळ्यांपैकी सर्वांत लांबलेला खटला फ्लॉरिडातला. 30 नोव्हेंबर 1896 रोजी सेंट ऑगस्टिन गावाजवळ दोन मुलांना वाळूत रुतलेले एक धूड दिसले. गावच्या डॉ. डिविट वेब यांनी ते तपासले आणि पत्रे व छायाचित्रे येल विद्यापीठातल्या प्रा. अॅडिसन व्हेरिल यांच्याकडे पाठवली. व्हेरिल आपल्या विषयातले फार मोठे पंडित. त्यांनी किनाऱ्यावर न जाता, आलेल्या कागदांवरून ठरवले की हा कल्पनेपलीकडचा मोठा अष्टपाद आहे, आणि 1897 मध्ये त्याचे नामकरणही केले. लवकरच त्या मांसाचे तुकडे त्यांच्या हाती पडले. ते पाहताच त्यांनी आपले मत मागे घेतले आणि हा देवमाशाचा अवशेष असल्याचे छापून टाकले. एवढ्या मोठ्या माणसाने उघडपणे शब्द फिरवला, तरी लोकांनी पहिलाच शब्द लक्षात ठेवला. 1971 मध्ये जपून ठेवलेल्या तुकड्यांवरून अष्टपादाचा पक्ष पुन्हा उचलला गेला. 1995 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते तंतू पाहून देवमाशाच्या बाजूने निकाल झाला, आणि 2004 मध्ये तो पक्का झाला. म्हणजे अष्टपाद मरायला शंभराहून अधिक वर्षे लागली! त्याच 2004 च्या अभ्यासात चिलीच्या किनाऱ्यावर 2003 च्या जुलैत सापडलेला 12 मीटर लांबीचा आणि 13 टन वजनाचा गोळाही निकालात निघाला. त्यातला आनुवंशिक द्रव्याचा अंश स्पर्म व्हेल या देवमाशाशी तंतोतंत जुळला.

जनावर मोठेच असावे लागते असेही नाही. 2008 च्या जुलैत न्यूयॉर्कजवळ माँटॉक येथे मांजराएवढे एक प्रेत सापडले. अंगावर केस नाहीत, तोंडाला चोच. चार दिवसांत अमेरिकाभर त्याचे चित्र गेले आणि गुप्त प्रयोगशाळेतून पळालेल्या जीवाच्या कथा रचल्या गेल्या. तो निघाला रॅकून, म्हणजे तिकडच्या लोकांच्या परसातले खरकटे खाणारा अगदी रोजचा प्राणी. पाण्याने केस गेले होते आणि वरच्या जबड्याचे मांस झडून हाड उघडे पडले होते, तीच चोच. जो रोज दाराशी येतो, तो केस गेल्यावर ओळखू येत नाही. 2017 च्या मे महिन्यात इंडोनेशियाच्या सेराम बेटावर सुमारे 15 मीटरांचे धूड लागले, तेव्हा प्रथम लोकांना तो महाकाय माकूळ वाटला. त्याच्या तोंडाच्या भागात गाळणीसारख्या पट्ट्या दिसल्या, आणि प्रश्न संपला. अशा पट्ट्या देवमाशाखेरीज दुसऱ्या कुणाला नसतात.

या सगळ्या हकीकतींत मला एक समान सूत्र दिसते. राक्षस तयार होतो तो दिसणाऱ्या भागातून होत नाही, गळून पडलेल्या भागातून होतो. जबडा गळला म्हणून मान आली, केस गेले म्हणून चोच आली. जे हरवले त्याची रिकामी जागा पाहणाऱ्याने आपल्या पदरच्या मालाने भरली. ज्याच्या पदरी पुराणे होती त्याने प्रलय भरला, ज्याच्या पदरी सिनेमे होते त्याने डायनासोर भरला. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण सगळे ऐकून आहोत. त्या आंधळ्यांची आपण थट्टा करतो, पण त्यांनी निदान हत्तीला हात लावला होता. कुणाला पाय सापडला, कुणाला सोंड. आमच्या ओट्यावरच्या मंडळींना तर सोंडेचे चित्र सापडलेले असते, तेही चौथ्या हातून आलेले.

आता कुणी म्हणेल की शास्त्रज्ञांनी अद्भुतातली सारी गोडी काढून टाकली. मला तसे वाटत नाही, आणि माझ्या बाजूला साक्षीदार म्हणून कालिदास उभा आहे. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात राम पुष्पक विमानातून सीतेला समुद्र दाखवतो. तेथे तिमी नावाच्या महाकाय जलचरांचे वर्णन आहे. ते नदीच्या मुखाशी तोंड वासून जीवांसकट पाणी आत घेतात, तोंड मिटतात आणि डोक्यावरच्या छिद्रांतून उंच धारा सोडतात. वाचकहो, हे काही राक्षसाचे वर्णन नव्हे. तोंडभर पाणी घेऊन जीव गाळून खाणारा देवमासा हाच. वर उडते ती पाण्याची धार नसून त्याचा उच्छ्वास असतो, एवढी दुरुस्ती आजचे शास्त्र करील. पण जे कुणी प्रथम पाहिले आणि कवीपर्यंत पोचवले, त्याने जिवंत प्राणी पाहिला होता आणि नीट पाहिला होता. म्हणून त्यात अद्भुतही आहे आणि खरेपणाही आहे. दोन्ही एका जागी नांदू शकतात.

दुसरा साक्षीदार सुरतेच्या अलीकडचा, वलसाडचा. तेथे मगोद डुंगरी नावाच्या गावी मत्स्यमाताजीचे मंदिर आहे, आणि त्यात देवमाशाची हाडे पूजेला ठेवलेली आहेत. कोळ्यांची कथा अशी की गावातल्या एका तांडेलाला स्वप्नात देवी दिसली, आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर हा प्रचंड देह आढळला. स्वप्नाचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. मला त्यातली वागणूक पाहण्यासारखी वाटते. रोज समुद्रावर पोट असणाऱ्या माणसांनी त्या मेलेल्या जीवाला तमाशा केले नाही. त्यांनी हाडे जपली. जुहूला आपण शहरी, शिकलेल्या मंडळींनी त्याच्याशेजारी उभे राहून स्वतःचे चित्र काढले.

आणि येथे मूळ मुद्दा येतो. 'हे काय आहे?' या प्रश्नावर आपण इतके रेंगाळतो की 'हे का मेले?' हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. गेल्या काही वर्षांत आपल्या कोकणच्या किनाऱ्याने हा दुसरा प्रश्न फार जवळून विचारला आहे. 2015 च्या जूनमध्ये रेवदंड्याला सुमारे 42 फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत स्थितीत किनाऱ्याला लागला. गावकऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी त्याला पाण्यात लोटण्याची शिकस्त केली. तो वाचला नाही. पाण्यात जे वजन समुद्र पेलतो, ते वाळूवर त्याच्याच छातीवर येते. फुप्फुसे दबतात, आणि थंडीसाठी केलेला तो चरबीचा थर उन्हात त्याला आतून भाजून काढतो.

2023 च्या ऐन दिवाळीतली गोष्ट तर अनेकांना आठवत असेल. लक्ष्मीपूजन झाले आणि दुसऱ्या दिवशी, 13 नोव्हेंबरला, गणपतीपुळ्याच्या वाळूत निळ्या देवमाशाचे एक पिल्लू आढळले. वीसेक फुटांचे. वीस फुटांचे आणि पिल्लू, हे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण निळ्या देवमाशाचे बाळ जन्मतःच सात मीटरांच्या आसपास असते. म्हणजे ते अंगावर पिणारे लेकरू होते, आईपासून तुटलेले. पाडवा आला, भाऊबीज आली. देवदर्शनाला आलेले यात्रेकरू, स्थानिक मंडळी, वनखात्याचे लोक, तटरक्षक दल, सगळे त्याच्याभोवती राबत होते. ओल्या कापडांनी त्याचे अंग झाकत होते, बादल्यांनी पाणी घालत होते. क्रेन आणली, जाळी आणली, बोट आणली. चाळीसेक तासांच्या धडपडीनंतर भरतीच्या पाण्यात ते समुद्रात गेले, आणि घरोघरी लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकदोन दिवसांतच त्याचा मृतदेह मालगुंडच्या बाजूला किनाऱ्याला लागला.

ते का हरवले, त्याच्या आईचे काय झाले, हे त्या वाळूवर कुणाला वाचता आले नाही. जहाजाची धडक, जाळ्यात अडकणे, आजार, भरकटणे, अशी कारणे अनेक असू शकतात. प्रत्येक वेळी ती शोधायची तर देह उघडून तपासावा लागतो, नमुने घ्यावे लागतात, मापे लिहून ठेवावी लागतात. घाणीचे काम आहे, आणि वेळ थोडा असतो. गर्दी, दुर्गंधी आणि घाई यांच्या कात्रीत ते काम पुष्कळदा अर्धवट राहते, आणि खड्डा खणून प्रकरण पुरले जाते. गूढ वाळूत जाते आणि अफवा गावोगाव जाते. वास्तविक उलट व्हायला हवे.

एवढे सांगून येथे थांबलो असतो. परंतु अर्धवट पाहून उरलेले आपल्या मनाने भरण्याची सवय मेलेल्या माशापाशी थांबत नाही, याचा दाखला दुर्दैवाने आमच्याच खानदेशात आहे. तो टाळून हा लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले राईनपाडा हे गाव. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले. त्याआधी मोबाइलवरून मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा गावोगाव फिरत होत्या. लोकांनी पाच अनोळखी माणसे पाहिली. त्यांचे गाव, त्यांची भाषा, त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची भटकंती, घरी वाट पाहणारी त्यांची स्वतःची मुलेबाळे, यांतले काहीच पाहणाऱ्यांना दिसत नव्हते. ती रिकामी जागा मोबाइलने भरून दिली. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकले.

स्ट्रॉन्सेच्या माशाला सहा पाय चिकटवले, तर माशाचे काही बिघडत नाही. तो मेलेलाच असतो. जिवंत माणसाला नसलेले पाय चिकटवले, तर काय होते ते राईनपाड्याने दाखवले. दोन्ही ठिकाणी मनाची चाल मात्र तीच आहे. म्हणून मला वाटते, ही चाल ओळखण्याचा सराव माशांवरच केलेला बरा. तेथे चूक झाली तरी कुणाचा जीव जात नाही, आणि घरातल्या मुलांबरोबर हसतखेळत तो करता येतो.

पुढल्या खेपेला असे एखादे चित्र हाती आले, की मुलांना तीन प्रश्न विचारावेत. या देहातले काय गळून पडले असेल? हा प्राणी जिवंतपणी रोजच्या पाहण्यातला असता तर कसा दिसला असता? आणि याला हात कुणी लावला आहे, त्याने काय मोजले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत चित्र पुढे धाडू नये. काकांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग ओट्यावर बोलायचं काय?" त्यांची अडचण खरी आहे. त्यांना मी झुइयो मारूच्या कप्तानाची गोष्ट सांगितली. ती त्यांना इतकी आवडली की आता ते ती माझ्यापेक्षा रंगवून सांगतात, आणि धूड परत समुद्रात टाकल्याबद्दल कप्तानाची बाजू घेतात. रेल्वेत मालधक्क्यावर आयुष्य गेल्यामुळे नासक्या मालाचे दुःख त्यांना कळते.

दिवाळीच्या सुटीत ज्या कुटुंबांचा कोकणात जायचा बेत असेल, त्यांच्यासाठी शेवटी थोडे कामाचे. किनाऱ्यावर एखादा देवमासा किंवा डॉल्फिन जिवंत आढळला, तर शेपटीला धरून ओढू नये. डोक्यावरच्या नाकपुडीत पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये. ओले कापड घालून अंग गार ठेवावे, सावली करावी, गर्दी आणि गोंगाट दूर ठेवावा, आणि ताबडतोब वनखात्याला किंवा पोलिसांना कळवावे. मेलेला आढळला तरी कळवावेच. त्याच्यापासून अंतर ठेवावे, दात, हाड, चरबी काहीही घरी आणू नये. देवमाशांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कडक संरक्षण आहे, आणि ते मेल्यानंतरही सुटत नाही. छायाचित्र काढायचेच असेल तर त्याच्याशेजारी आपण उभे न राहता एखादी छत्री किंवा काठी ठेवावी, म्हणजे लांबीचा अंदाज येतो. तपासायला येणाऱ्या माणसाला आपल्या चेहऱ्यापेक्षा त्या छत्रीचा उपयोग अधिक होईल.